झोपायलाच तर जायचंय!

"हॉटेलात काय, रात्री झोपायलाच तर जायचंय!" हे आमच्या घरातलं जुनं ब्रह्मवाक्य. आणि आमच्या लहानपणी ते शंभर टक्के बरोबरही होतं. गणपतीपुळे काय, नरसोबाची वाडी काय, भक्तनिवासात एक खोली घ्यायची, गाद्या टाकून सात-आठ जणांनी आडवं व्हायचं, पहाटे बादलीभर गरम पाण्यासाठी नंबर लावायचा आणि मग दिवसभर उंडारायचं. खोलीवर जास्त पैसे घालवणं म्हणजे निव्वळ माज. अजूनही माझ्यातली अर्धी मी त्याच मताची आहे.

पण परवा दादाने हेच वाक्य पॅरिसबद्दल टाकलं आणि मला गप्प बसवेना.

झालंय असं की वहिनी येत्या मे महिन्यात तिच्या आई-बाबांना घेऊन पॅरिसला चालली आहे. सोबत तिची धाकटी बहीण. म्हणजे चौघं, दोन खोल्या, सहा रात्री. तिने मला विचारलं, "तू आई-बाबांना नेलं होतंस ना, एखादं बरं हॉटेल सांग. फार महाग नको आणि मध्यात हवं." मी तोंड उघडायच्या आत दादाने लॅपटॉपवर एक हॉटेल शोधूनही काढलं होतं. शहराच्या बाहेर, पेरिफेरिकच्या (म्हणजे पॅरिसला वळसा घालणाऱ्या रिंगरोडच्या) पलीकडे. खोल्या मोठ्या, नव्या, चकाचक. स्टेशन जवळ, गाडीने पंचवीस मिनिटं. आणि रात्रीला खोलीमागे ४० युरो कमी. "दोन खोल्या, सहा रात्री, ४८० युरो! शंभर रुपयांचा युरो धरला तरी ४८ हजार. नुसतं उशीला डोकं टेकायला?" असं म्हणून त्याने विजयी मुद्रेने चहाचा घोट घेतला.

आता ४८ हजार ही काही चेष्टा नाही. वहिनीचे बाबा निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांनी पेन्शनमधून "आमचा वाटा" म्हणून हट्टाने पैसे दिलेत. त्यामुळे "एवढं परदेशात जातोय तर होऊ दे खर्च" असं मी म्हणणार नाही. तरीही माझं मत दादाच्या विरुद्ध आहे. गेल्या दोन महिन्यांत आणखी तिघांनी हाच प्रश्न विचारला, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. दादा, तू पण वाच. :)

आम्ही २०२५ च्या मे महिन्यात गेलो तेव्हा आई ७१ ची होती आणि बाबा ७६ चे. आई रोज सारसबागेत तीन फेऱ्या मारते, त्यामुळे ती एकदम फिट आहे असं आम्ही सगळे धरून चालतो. पण सारसबागेपासून घर दहा मिनिटांवर आहे, दमली की ती घरी येते आणि पंख्याखाली आडवी होते, हे कुणी मोजत नाही. पॅरिसमध्ये माणूस दिवसाला किती चालतो याचा अंदाज इथे बसून येत नाही. एकट्या लूव्र संग्रहालयातच दोन तास नुसतं उभं राहून पाय भरून येतात.

आणि आपल्या घरची मोठी माणसं "मी दमले" असं कधी सांगत नाहीत. ती म्हणतात, "तुम्ही या जाऊन, मी बसते इथेच." हे वाक्य मी अजिंठ्याला ऐकलंय, हंपीला ऐकलंय, सिंहगडाच्या पायथ्याशी तर दर वेळी ऐकलंय. आपणही ते खरं मानतो आणि जातो. त्यांना बघायचं नसतं असं नाही हो. आपल्यामुळे पोरांचा दिवस वाया जाऊ नये, टॅक्सीचे पैसे पडू नयेत, एवढाच त्याचा अर्थ असतो. सहा महिने आधीपासून ज्या सहलीची वाट बघितली, त्या सहलीत आई कुठल्या तरी बाकावर चौघांच्या पिशव्या सांभाळत बसणार, याला मी प्रवास म्हणत नाही.

दुसरी गोष्ट आपल्याकडे कुणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून मी बोलते. बाथरूम. बाबांना बीपीच्या गोळीमुळे दर दीड-दोन तासांनी जावं लागतं. आईचा उपाय वेगळाच. ती बाहेर असली की पाणीच पीत नाही. सकाळी कपभर चहा, मग थेट संध्याकाळ. तुमच्याही घरात बघा, बहुतेक बायका प्रवासात हेच करतात. पॅरिसमध्ये रस्त्यांवर स्वयंचलित स्वच्छतागृहं आहेत, चांगली चारशेच्या वर, आणि २००६ पासून ती फुकट आहेत. पण प्रत्येक माणूस बाहेर आला की आतली जागा आपोआप धुतली जाते, तोवर बाहेर थांबायचं. रांगेत तिघं असले की झालं कल्याण. शिवाय दार बटणावर उघडतं. आईने एकदा आत जाऊन पाहिलं आणि "मध्येच उघडलं तर?" म्हणून तशीच परत आली. नंतर तिने त्या डब्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

या दोन्हींवर औषध एकच. दुपारी परत येता येईल असं हॉटेल. साडेबारा-एकला परत यायचं, स्वतःच्या बाथरूममध्ये जायचं, चार घास खायचे, तासभर पाय वर करून पडायचं, आणि चारला ताजंतवानं होऊन पुन्हा बाहेर. मेअखेरीस तिथे सूर्य साडेनऊच्या पुढे मावळतो. म्हणजे चारला निघालात तरी साडेपाच तासांचा उजेड शिल्लक असतो! आम्ही सहाही दिवस असंच केलं. आई सहाही दिवस पाणी प्यायली, आणि "मी बसते इथेच" फक्त एकदा म्हणाली, तेही चपलांच्या दुकानाबाहेर.

दादाच्या हॉटेलातून हे होत नाही का? कागदावर होतं. गाडीची पंचवीस मिनिटं, अधिक स्टेशनपर्यंतचं चालणं, जिने, गाडीची वाट बघणं, उतरून पुन्हा चालणं. एका बाजूचे पाऊण-एक तास. जाऊन-येऊन दोन तास, त्या तासाभराच्या झोपेसाठी. कुणीही शहाणा माणूस म्हणेल, राहू दे, बसू इथेच कुठेतरी. त्यामुळे दुपारी परतणं राहूनच जातं. आणि रात्रीचं काय? आयफेल टॉवर अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं लखलखतो. मेअखेरीस तो पहिला लखलखाट बघायचा म्हणजे रात्रीचे दहा वाजतात. साताच्या पुढे "आता परत कधी पोहोचायचं" ही चिंता जिला लागते तिला घेऊन दहापर्यंत थांबायचं असेल तर परतीचा रस्ता सोपा हवा. आमच्या काकू एका ग्रुप टूरबरोबर गेल्या होत्या. मुक्काम पार विमानतळाच्या बाजूला. सगळं छान झालं, जेवणात वरण-भात मिळाला, सहप्रवासी चांगले होते, पण काकूंनी संध्याकाळचं पॅरिस बघितलं ते बसच्या काचेतून. ज्यांना भाषेची आणि जेवणाची काळजी नको असते त्यांना टूर उत्तम, मी नावं ठेवत नाही. पण स्वतः आखून जायचं तर टूरवाल्यांसारखं बाहेर राहण्यात काय मतलब?

बरं, आता हिशेब. दादा हिशेबाशिवाय ऐकत नाही.

विमानतळापासून सुरुवात. शार्ल द गोल विमानतळावरून पॅरिसमध्ये येणाऱ्या टॅक्सीचे दर २०१६ पासून ठरलेले आहेत, मीटर नाही. २०२४ पासून ते सेन नदीच्या उजव्या तीरावर ५६ युरो आणि डाव्या तीरावर ६५ युरो. माणशी नव्हे, टॅक्सीचे. आणि रेल्वेचं विमानतळाचं तिकीट जानेवारी २०२५ मध्ये झालं माणशी १३ युरो. चौघांचे ५२. म्हणजे आणखी तेरा युरोंत चौघं बॅगांसकट हॉटेलच्या दारात. रात्रभर विमानात अवघडून बसल्यावर! पण यातली मेख अशी की हे ठरलेले दर फक्त पॅरिस शहराच्या हद्दीतल्या पत्त्याला लागू आहेत. हॉटेल हद्दीबाहेर असेल तर मीटर पडतो आणि तो किती पडेल ते गर्दीवर.

रोजच्या प्रवासाचं मात्र दादाच्या बाजूने बोलायला हवं. पूर्वी उपनगरातून यायचं तर अंतराप्रमाणे महाग तिकीट लागायचं. जानेवारी २०२५ पासून ते झोनचं लफडंच गेलं. २०२५ मध्ये मेट्रो किंवा रेल्वेने कुठूनही कुठेही २.५० युरो होते, बस-ट्रामने २ युरो (दर जानेवारीत थोडे वाढतात). त्यामुळे बाहेर राहिल्याने तिकीट महाग पडत नाही, हे खरं. शिवाय आठवड्याचा पास आहे, २०२५ मध्ये ३१.६० युरोंचा, त्यात सगळे झोन येतात. पण हा आठवडा म्हणजे सोमवार ते रविवार. तुम्ही गुरुवारी उतरलात तर पासाचे चार दिवस उरतात आणि रविवारी रात्री तो संपतो. पास नसेल तर दुपारी परतायची चौघांची जा-ये २० युरो. पाच दिवसांचे शंभर झाले. दादाच्या ४८० तले शंभर इथे गेले.

राहिले ३८०. ते कुठून वळते होतील असं मी सांगणार नाही, कारण ते होत नाहीत. ते पैसे जास्त जातात. माझं म्हणणं इतकंच की ते झोपण्याचे नाहीत, दुपारचे आणि संध्याकाळचे आहेत. कमी करायचेच असतील तर दुसरीकडे कमी करा. हॉटेलचा नाश्ता घेऊ नका. तीन ताऱ्यांच्या हॉटेलात त्याचे माणशी दहा-पंधरा युरो सहज लावतात, आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत क्रोआसाँ ताजं मिळतं. सीन नदीवरची जेवणासकट बोट सोडा, साध्या बोटीतूनही तेच पूल दिसतात. सहाऐवजी पाच रात्री करा. पण मुक्कामाच्या जागेवर काटकसर नको, निदान सत्तरीच्या माणसांसोबत तरी नको.

आता "मध्यात" या शब्दाबद्दल. पॅरिसचे वीस आराँदिसमाँ आहेत, म्हणजे आपल्या पेठा म्हणा. लूव्रपासून सुरू होऊन ते गोगलगायीच्या शंखासारखे गोल-गोल बाहेर जातात. पिनकोडचे शेवटचे दोन आकडे म्हणजे आराँदिसमाँ. ७५००१ म्हणजे पहिला, ७५०१४ म्हणजे चौदावा. आपण ४११०३० वाचून सदाशिव पेठ ओळखतो तसंच. लोक काय करतात, आकडा लहान तेवढं हॉटेल चांगलं असं समजतात. पहिल्या-चौथ्यात राहिलं की झालं! पण तिथे त्याच पैशांत खोली टीचभर मिळते आणि जुन्या इमारतीत लिफ्ट असेलच असं नाही. आयफेलच्या पायथ्याशी राहण्याचाही अनेकांना सोस असतो. खिडकीतून टॉवरचं टोक दिसण्याचे पैसे वेगळे. अहो, आयफेल बघायला तुम्ही किती वेळा जाणार? दोनदा. त्यासाठी सहा रात्री तिथे कशाला?

मी नकाशावर मध्यबिंदू शोधत नाही. मी बघते की विमानतळापासून आणि चार मुख्य ठिकाणांपासून गाडी न बदलता येता येतं का. पॅरिस मेट्रो १९०० सालची. बहुतेक स्टेशनांत लिफ्ट नाही, आणि गाडी बदलायची म्हणजे जिने चढा, बोगद्यातून चाला, पुन्हा जिने उतरा. शातले किंवा मोंपार्नासला बदलणं म्हणजे दादर स्टेशनचा पूल जमिनीखाली घातल्यासारखं. संपूर्ण लिफ्टवाली मार्गिका एकच, १४ नंबरची, ती १९९८ मध्ये सुरू झाली. म्हणून ज्याचे गुडघे दुखतात त्याने किलोमीटर मोजू नयेत, बदल मोजावेत. आणि बसचा विचार करावा. बसला जिने नाहीत, खिडकीतून शहर दिसतं आणि ५० सेंट स्वस्त. फक्त बसचं तिकीट मेट्रोला चालत नाही, एवढं लक्षात ठेवा.

या हिशेबाने आम्ही निवडलं दाँफेर-रोशरो. चौदावा आराँदिसमाँ. वाटाड्या पुस्तकांत या भागाला फारसं कुणी "मध्यवर्ती" म्हणत नाही, आणि तेच आमच्या पथ्यावर पडलं. विमानतळावरून येणारी आर-ई-आर बी गाडी इथे थेट येते. तीच गाडी नोत्र दामशी सोडते, मध्ये दोनच स्टेशनं. सहा नंबरची मेट्रो इथून न बदलता आयफेलला, बिर-आकेम स्टेशनवर. तिचा बराच भाग जमिनीवरून, पुलावरून जातो आणि बिर-आकेमच्या पुलावर सेन ओलांडताना डब्यातूनच टॉवर दिसतो. आईने त्या पुलासाठी दोनदा उगाच पुढच्या स्टेशनपर्यंत प्रवास केला. ३८ नंबरची बस लक्झेंबर्ग बागेच्या कडेने शातलेला. आणि एका बाजूला रू दागेर नावाची गल्ली. तिचा पहिला तुकडा फक्त चालणाऱ्यांसाठी. भाजीवाले, फळवाले, चीजवाले, बेकऱ्या, कॉफीची टेबलं. तुळशीबागेइतकी गर्दी नाही, पण जिवंत.

इथे मला बाबांबद्दल सांगायचंय. बाबा निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी दूध आणि पेपर स्वतः आणतात. ते त्यांचं काम. परदेशात गेलं की त्यांचं हे काम जातं आणि ते सोफ्यावर बसून आमच्या तयार होण्याची वाट बघतात. ताईकडे अमेरिकेत ते तीन महिने असेच बसून होते, कारण तिथे गाडीशिवाय दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. पॅरिसमध्ये तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर बाबा खोलीत नाहीत. आई शांतपणे म्हणाली, "खाली गेलेत." अर्ध्या तासाने आले. हातात एक लांबलचक पाव आणि अर्धा किलो चेरी. "बोंजूर म्हटल्याशिवाय काही देत नाही ती बाई," ही पहिली बातमी. "आणि रस्ता कळला?" "त्यात काय! चौकात तो सिंह आहे ना." दाँफेर-रोशरोच्या चौकात एक मोठा सिंह आहे, बार्तोल्दीचा, ज्याने अमेरिकेचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा केला तोच. बाबांनी त्या सिंहाला आपला मारुती करून टाकला. त्याच्या अलीकडे-पलीकडे असं त्यांचं सगळं भूगोलशास्त्र बसलं. त्या दिवसापासून पाव, फळं, दूध त्यांच्याकडे. सोमवारी बरीच दुकानं बंद असतात हेही त्यांनीच आम्हाला सांगितलं.

म्हणून मला विचाराल तर मोक्याचं हॉटेल म्हणजे जिथून शहात्तर वर्षांचा माणूस एकटा खाली उतरून चेरी घेऊन परत येऊ शकतो ते. हॉटेलच्या साइटवर "लोकेशन ९.४" असं लिहिलेलं असतं ना, ते बहुतेक पंचविशीतल्या, पाठीवर सॅक घेतलेल्या मंडळींनी दिलेलं असतं. मी ते गुण बघत नाही. मी प्रतिक्रियांमध्ये दोनच शब्द शोधते, जिना आणि आवाज. मग नकाशातून रस्त्यावर उतरून चित्रात दार बघते. दाराशी पायऱ्या किती, खाली दारूचा अड्डा आहे का, शेजारी किराणा आहे का. दहा मिनिटांचं काम.

आमच्याशिवाय दुसरे भाग नाहीत असं नाही. तेराव्यात प्लास दितालीच्या आसपास बरी हॉटेलं मिळतात आणि तीन मेट्रो मिळतात. गार द लियों स्टेशनजवळ १ आणि १४ या दोन्ही मार्गिका आहेत, गुडघ्यांसाठी फार सोयीचं. गार द्यू नोरला आपली बरीच मंडळी राहतात कारण लंडनची गाडी तिथूनच सुटते आणि ला शापेलच्या गल्ल्यांत तमिळ दुकानं आहेत, डोसा-इडली मिळते. तिथे गणपतीचं देऊळही आहे, चतुर्थीच्या सुमारास रथयात्रा निघते. आम्ही एका संध्याकाळी मुद्दाम गेलो, आई देवळात बसून तृप्त झाली. पण स्टेशन अतिशय गर्दीचं, पाकीटमारांचं नाव सतत निघतं. जेवायला जावं, राहायला मी नेणार नाही. आणि दादासारख्या काटकसरी तरुणांसाठी (चाळिशीला तरुण म्हटलंय, नोंद घ्यावी) ला देफाँस आहे. ऑफिसांचा भाग, त्यामुळे शनिवार-रविवारी आणि ऑगस्टमध्ये हॉटेलांचे दर उतरतात, मेट्रो १ नंबरची थेट. फक्त संध्याकाळी तिथे सगळं काचेचं आणि सुनसान.

खोलीबद्दल थोडक्यात. फ्रान्समध्ये तारे सरकारी तपासणीवर मिळतात आणि तीन ताऱ्यांसाठी दोघांची खोली बाथरूमसकट निदान साडेतेरा चौरस मीटर हवी, म्हणजे सुमारे १४५ चौरस फूट. बीडीडी चाळीतली खोली १६० फुटांची होती! तेव्हा दोन मोठ्या बॅगा उघडायला जागा शोधावी लागेल, रागावू नका. लिफ्ट आहे का हे विचाराच, आणि असली तरी ती कपाटाएवढी असते. एक माणूस आणि एक बॅग. अंगणाकडची खोली मागा, शांत मिळते. पलंग एक की दोन हे आधी लिहून कळवा. किटली आहे का विचारा, आईच्या पहाटेच्या चहावर सगळ्यांचा दिवस अवलंबून असतो. एसीला आपण "तिकडे कशाला" म्हणतो, पण २५ जुलै २०१९ ला पॅरिसमध्ये ४२.६ अंश झालं होतं. २००३ च्या ऑगस्टमधल्या उष्णतेत फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार माणसं गेली, त्यात बहुतेक म्हातारी. जून ते ऑगस्ट जाणार असाल तर एसी हवाच. बिलावर राहण्याचा कर वेगळा लागतो. २०२४ मध्ये तो जवळपास तिप्पट झाला, तीन ताऱ्यांना माणशी रात्रीला पाच युरोंच्या वर. चौघांचे सहा रात्रींचे सव्वाशे तरी धरा.

आणि व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणाऱ्या दराचं बुकिंग करू नका. ते दहा-पंधरा टक्के स्वस्त दिसतं. पण शेंगेनच्या अर्जाची फीच जून २०२४ पासून माणशी ९० युरो आहे, नकार आला तर ती गेलीच, त्यात हॉटेलचेही कशाला घालवायचे?

असो. वहिनी, आता तुझ्यापुरतं. १ मे आणि ८ मे तिथे सुट्टीचे दिवस, त्यांना शनिवार-रविवार जोडून फ्रेंच लोक स्वतःच फिरायला निघतात. मेच्या शेवटी रोलाँ गारोसची टेनिस स्पर्धा असते, तेव्हा दर चढतात. मधला आठवडा मिळाला तर बघ. विमान रविवारी पोहोचणारं मिळालं तर उत्तमच, सोमवारी सकाळपासून पास पूर्ण वसूल होईल. पासासाठी चौघांचे छोटे फोटो बरोबर ठेव. तुझे बाबा रोज भात खातात, म्हणून दोन हॉटेलच्या खोल्यांऐवजी शेगडी असलेलं अपार्टमेंट-हॉटेल घ्यावं असं मला वाटतं, दाँफेर किंवा प्लास दितालीजवळ. मेतकूट, कुकरमधला भात, झालं. तूप मात्र बॅगेत भरू नकोस. आपल्याकडून दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये न्यायला बंदी आहे. तिथलं लोणी फार सुंदर असतं, मीठ नसलेलं बघून आण आणि पहिल्याच संध्याकाळी कढव. अडीचशे ग्रॅममध्ये चौघांचे सहा दिवस निघतात.